निरोप पोचला, पण घरात कामाला कोण आहे?

मॅडम,

माझं वय ६९. पाच महिन्यांपूर्वी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरले आणि उजव्या नडगीचं हाड मोडलं. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन करून आत रॉड घातला. टाके छान भरले. पण परवाच्या एक्स-रेत हाड पूर्ण जुळलेलं दिसत नाही. सर्जन म्हणाले, "वयामुळे वेळ लागतोय, आणखी दोन महिने बघू." मुलीने नेटवर वाचून मला दुसरीकडे दाखवायला नेलं. तिथे 'ग्रोथ फॅक्टर थेरपी' सुचवली. दर तीन आठवड्यांनी एक अशी तीन इंजेक्शनं, माझ्याच रक्तातून बनवलेली, त्यामुळे साइड इफेक्ट नाहीत, आणि म्हातारं हाड तरुण हाडासारखं जुळेल म्हणे. मुलीचा फार आग्रह आहे. यजमान म्हणतात, आपोआप व्हायचं त्यात ढवळाढवळ कशाला. मी वॉकर घेऊन चालते, त्या पायावर वजन टाकायची भीती वाटते म्हणून टाकतच नाही. दुखतं म्हणून रोज एक पेनकिलर घेते. डायबिटीस नाही, बीपीची गोळी आहे. (आठ वर्षांपूर्वी छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं, कॅन्सरची होती, रेडिएशन घेतलं, पाच वर्षं गोळ्या घेतल्या. आता ते सगळं संपलं.) इंजेक्शनं घेऊ का? आणि हे खरंच वयामुळे होतंय का?

— एक वाचक

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. त्याकडे येतेच. पण पत्र इंजेक्शनांसाठी लिहिलंय, तेव्हा आधी त्याचं उत्तर देते: आत्ता घेऊ नका. मुलगी नाराज होईल. तिलाही हे वाचायला द्या, कारण तिने वाचलेलं सगळंच काही खोटं नाही.

'ग्रोथ फॅक्टर' म्हटलं की हाडाला घालायचं खत डोळ्यांपुढे येतं. तसं ते नसतं. ही प्रथिनं म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. हाड मोडतं तेव्हा तिथे रक्त साकळतं, त्यातल्या प्लेटलेट फुटतात आणि पहिली हाक जाते: इकडे या. आधी सफाई करणाऱ्या पेशी येतात. मागोमाग नव्या रक्तवाहिन्या शिरतात. मज्जेतून आणि हाडावरच्या पातळ आवरणातून हाड बांधणाऱ्या पेशी येतात. दोन-तीन आठवड्यांत कूर्चेसारखा मऊ सांधा धरतो, पुढच्या काही महिन्यांत त्यात कॅल्शियम भरून तो टणक होतो, आणि मग वर्ष-दोन वर्षं शरीर त्या गाठीवर रंधा मारत बसतं. दर टप्प्याचा निरोप वेगळा, त्याची वेळ वेगळी आणि मात्राही वेगळी.

यातला सगळ्यात गाजलेला निरोप मार्शल युरिस्ट या अमेरिकन हाडांच्या सर्जनमुळे कळला. १९६५ मध्ये त्याने एक साधाच वाटणारा प्रयोग प्रसिद्ध केला. हाडातलं कॅल्शियम आम्लाने काढून टाकलं, उरलेला मऊ भाग सशाच्या स्नायूत ठेवला, आणि जिथे हाड असायचं काही कारणच नाही तिथे हाड उगवलं. म्हणजे 'हाड कर' असं सांगणारं काहीतरी त्या मऊ भागात शिल्लक होतं. त्याला पुढे बीएमपी, म्हणजे हाड घडवायला लावणारं प्रथिन, हे नाव मिळालं. १९८८ मध्ये त्याची जनुकं हाती लागली. २००२ मध्ये अमेरिकेत बीएमपी-२ ला कमरेचे मणके जोडण्याच्या ऑपरेशनसाठी मंजुरी मिळाली आणि २००४ मध्ये नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी, म्हणजे कातडी फाटून हाड बाहेरच्या हवेला लागतं तशा.

नडगी तुमचीच, म्हणून इथे जरा रेंगाळते. ती मंजुरी ज्या चाचणीवर मिळाली तिच्यात ४५० रुग्ण होते. बीएमपीचा जास्त डोस मिळालेल्यांमध्ये पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचा धोका ४४ टक्क्यांनी कमी झाला. आकडा देखणा आहे, आणि त्या काळात आम्ही सगळेच हुरळून गेलो होतो. पण ते बहुतेक तरुण रुग्ण होते, मोठ्या अपघातातले, उघड्या जखमांचे. पुढे २०११ मध्ये तशाच २७७ फ्रॅक्चर रुग्णांची दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. यात सगळ्यांना 'रीम्ड' रॉड होता, म्हणजे हाडाची पोकळी आतून घासून रुंद करून घातलेला. तिथे बीएमपी घातल्याने हाड काही लवकर जुळलं नाही. माझ्या मते त्याचं कारण उघड आहे. पोकळी घासताना जो हाडाचा चुरा निघतो तो मोडलेल्या जागी जाऊन पडतो, आणि त्या चुऱ्यात पेशी आणि ग्रोथ फॅक्टर दोन्ही असतात. तुमच्या ऑपरेशनच्या कागदावर 'रीम्ड नेल' असं लिहिलेलं आहे का बघा. असेल, तर ग्रोथ फॅक्टरचा पहिला हप्ता तुम्हाला पाच महिन्यांपूर्वीच मिळालाय.

दुसरी बाजू अशी की शरीर हे द्रव्य अगदी चिमटीने वापरतं, आणि औषध म्हणून ते मिलिग्रॅममध्ये ओतावं लागतं, कारण ते जागेवर टिकत नाही. इतकं ओतलं की ते नको तिथेही काम करतं. मानेच्या मणक्यांत वापरल्यावर गळ्याला सूज येऊन श्वास अडकल्याच्या घटनांमुळे २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. २०१३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी मणक्यांच्या चाचण्यांची मूळ आकडेवारी पुन्हा तपासली. रुग्णाच्याच कमरेचं हाड काढून वापरण्यापेक्षा बीएमपी सरस ठरलं नाही, आणि कर्करोगाचा धोका किंचित वाढत असावा अशी शंका मात्र उरली. ही शंका लक्षात ठेवा, कंसाकडे जाताना लागेल.

आणि मुख्य म्हणजे बीएमपी हे ओपीडीत टोचायचं इंजेक्शनच नाही. ते कोलॅजनच्या स्पंजमध्ये मुरवून उघड्या ऑपरेशनमध्ये हाडाशी ठेवतात. 'तुमच्याच रक्तातून, तीन वेळा' म्हणजे तुम्हाला सांगितलंय ते पीआरपी (प्लेटलेट भरपूर असलेला रक्ताचा भाग) किंवा त्याचं एखादं चुलत भावंड. नळीभर रक्त काढतात, यंत्रात गरगर फिरवतात. खाली लाल थर बसतो, वर गवती पिवळा, आणि मधे पांढुरकी बारीक रेघ. ती रेघ आणि तिच्या लगतचा पिवळा भाग म्हणजे प्लेटलेटचा साठा. त्यात ग्रोथ फॅक्टर असतात, यात खोटं काही नाही. पण प्लेटलेट फुटल्या की बराचसा साठा पहिल्या तासाभरातच सांडून जातो. हाडाचं काम महिनोन् महिने चालणारं. पाच महिन्यांनी तिथे पुन्हा 'इकडे या' अशी हाक मारून उपयोग काय, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

वयस्कर हाडांवर हे करून पाहिलेलंच नाही असंही नाही. ब्रिटनमध्ये ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या, खुब्याचं हाड मोडलेल्या २०० रुग्णांवर चाचणी झाली, २०१३ मध्ये ती छापून आली. निम्म्यांना ऑपरेशनच्या वेळी पीआरपी दिलं, निम्म्यांना नाही. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. "तुमचंच रक्त, त्यामुळे साइड इफेक्ट नाही" हे वाक्यही अर्धंच आहे. रक्त तुमचं, सुई बाहेरची. आणि ती जिथे जाणार तिथे धातूचा रॉड आहे. त्याच्यावर जंतू एकदा बसले की गोळ्यांनी ते सहसा हटत नाहीत. हा धोका लहान आहे, पण घेण्याजोगा ठरायला समोर फायदा तरी दिसायला हवा ना.

(पीडीजीएफ नावाचा एक ग्रोथ फॅक्टर हिरड्यांच्या हाडासाठी २००५ मध्ये आणि घोट्याचे सांधे जोडण्यासाठी २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालाय. मुलीच्या वाचनात तो आला असेल. तुमच्या फ्रॅक्चरशी त्याचा संबंध नाही.)

आता वयाचं. वयाने हाड सावकाश जुळतं, हे खरं. मज्जेतल्या मूळ पेशी कमी होतात, हाडावरचं आवरण पातळ होतं, रक्तवाहिन्या उशिरा शिरतात, आणि सुरुवातीची सूज लवकर आटोपायला हवी ती रेंगाळते. २०१५ मध्ये एक चमत्कारिक प्रयोग छापून आला. म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचा रक्तप्रवाह एकमेकांना जोडला, तर म्हाताऱ्या उंदराचं मोडलेलं हाड चांगलं जुळलं. 'म्हातारं हाड तरुण हाडासारखं' ही जाहिरातीतली भाषा बहुधा इथूनच उचललेली असणार. पण त्याच कामाचा पुढचा भाग जाहिरातीत येत नाही. २०१८ मध्ये असं दिसलं की ही करामत मुख्यतः सफाई करणाऱ्या तरुण पेशींची होती. म्हणजे म्हातारपणी निरोपच सुटत नाही, एवढंच झालेलं नसतं. निरोप पोचतो, पण घरात ऐकणारे थोडे, आणि जे आहेत ते आधीच्या भांडणात गुंतलेले. अशा घरी तोच निरोप आणखी मोठ्याने सांगून काय साधणार? शिवाय तुमच्या इंजेक्शनातलं रक्त तरुण उंदराचं नाही, तुमचंच आहे. ६९ वर्षांचं.

पीटर जियानूडिस या ब्रिटनमधल्या सर्जनने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हाड जुळण्याचा हिशेब चार बाजूंच्या हिऱ्यासारखा मांडला: पेशी, त्यांना चढायला सांगाडा, निरोप, आणि स्थैर्य, म्हणजे हाडाला मिळणारा आधार आणि योग्य दाब. आमच्या पिढीचा अर्धा वेळ तिसऱ्या बाजूवर गेला, कारण ती कुपीत भरून विकता येते. चौथी बाजू फुकट असते, म्हणून तिची जाहिरात कोणी करत नाही.

ती चौथी बाजू तुमच्या पत्रात सरळ दिसतेय. पायावर तुम्ही वजनच टाकत नाही. रॉड घातलेल्या नडगीला दाब लागतो. हाडाच्या पेशींना दाब हा सुद्धा निरोपच असतो, आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचा. पाच महिने पाय अधांतरी ठेवला तर हाड बारीक होत जातं आणि जुळणीही रेंगाळते. सर्जननी किती वजन टाकायला सांगितलं होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून 'उद्यापासून चाला' असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण त्यांना नेमकं विचारा: पूर्ण वजन की अर्धं? त्यांनी समजा वीस किलो सांगितलं, तर घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवा, वॉकर धरून उभ्या राहा, दुखरा पाय काट्यावर ठेवून काटा वीसवर येईपर्यंत दाबा. डाव्या पायाखाली काट्याच्या उंचीची फळी ठेवा, नाहीतर कंबर वाकडी होते. चार-पाच वेळा केलं की पायाला तो दाब ओळखीचा होतो आणि भीती निम्मी होते. माझ्या कित्येक रुग्णांची भीती औषधाने गेली नाही, ती काट्यावरच्या आकड्याने गेली.

एक्स-रे वाचायलाही शिकवते, फार अवघड नाही. दोन चित्रं असतात, एक समोरून, एक बाजूने. प्रत्येकात हाडाच्या दोन पांढऱ्या कडा दिसतात, म्हणजे एकूण चार. मोडलेल्या जागी किती कडांवरून पांढरा पूल गेलाय ते मोजायचं. चारपैकी तीन जुळल्या तर साधारणपणे हाड जुळलं म्हणतात. जुना आणि नवा एक्स-रे शेजारी ठेवून सर्जनना विचारा, "तेव्हा किती कडा होत्या, आता किती?" एकावरून दोन झाल्या असतील तर हाड चालतंय, फक्त हळू. आणि शब्दांचा घोळ होऊ देऊ नका. नऊ महिने उलटूनही जुळत नाही आणि शेवटच्या तीन महिन्यांत काहीच हललेलं नाही, तेव्हा 'न जुळलेलं हाड' म्हणायची पद्धत आहे. तुमचे पाच झालेत. सर्जनचं 'आणखी दोन महिने' हे टोलवाटोलवी वाटत असेल, पण ती टोलवाटोलवी नाही. तुमच्या यजमानांचं म्हणणं मात्र मला पुरतं पटत नाही. आपोआप होईल म्हणून नुसतं बसायचे हे दोन महिने नव्हेत. या काळात बरंच करायचंय.

रोजची पेनकिलर कोणती ते बघा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या जातीची असेल तर त्या सुरुवातीच्या उपयोगी सुजेलाही दाबतात, आणि दीर्घकाळ घेतल्यास जुळणीत अडथळा येतो असा संशय बराच आहे. बीपीच्या माणसाने त्या रोज घेऊच नयेत, हे तर वेगळंच. पॅरासिटामॉलवर भागतं का ते डॉक्टरांना विचारा. तंबाखू कुठल्याही रूपात असेल तर बंद.

मग रक्त तपासा. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड, थायरॉइड, किडनी, तीन महिन्यांची साखर (डायबिटीस नाही म्हणता, पण शेवटचं कधी पाहिलं?), आणि सीआरपी, ईएसआर. २००७ मधल्या एका अभ्यासात कारण सापडत नसलेल्या, न जुळलेल्या हाडांचे ३७ रुग्ण तपासले होते. त्यातल्या ३१ जणांत हार्मोनचा किंवा चयापचयाचा काही ना काही बिघाड निघाला, सगळ्यात जास्त ड जीवनसत्त्वाचा. काहींची हाडं तर पुन्हा ऑपरेशन न करता नुसत्या या उपचारांनी जुळली. सीआरपी, ईएसआर मात्र वेगळ्या कारणासाठी, छुपा जंतुसंसर्ग ओळखायला. माझ्या एका रुग्णाच्या बाबतीत मीच घाई केली होती. हाड जुळत नव्हतं, मी पुन्हा ऑपरेशन करून पीआरपी घातलं, तरी जुळेना. मग सीआरपी पाहिलं. जंतू सुरुवातीपासून आत दबा धरून होते. ती तपासणी आधी केली असती तर त्यांचं एक ऑपरेशन वाचलं असतं.

हे सगळं नीट करूनही हाड अडलं, तर सर्जनकडे उपाय आहेत. रॉडच्या एका टोकाचा स्क्रू काढून हाडाला दाब मिळू देणं, जाड रॉड घालणं, कमरेच्या हाडाचा चुरा आणून भरणं. त्या चुऱ्यात पेशी, सांगाडा आणि निरोप तिन्ही एकत्र येतात, म्हणून इतक्या वर्षांनंतरही तोच मापदंड आहे.

आता कंस.

"आता ते सगळं संपलं" असं तुम्ही लिहिलंय, आणि आजारापुरतं ते खरंच असो. पण हाडांच्या हिशेबात ते संपलेलं नाही. त्या पाच वर्षांच्या गोळ्या बहुधा लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल असतील. जुनी चिठ्ठी काढून बघा. या गोळ्या शरीरातलं इस्ट्रोजेन जवळजवळ शून्यावर आणतात. कर्करोग परतू नये म्हणून त्या हव्याच असतात, पण हाडांची झीज वाढवतात. शेवटच्या पायरीवरून घसरून नडगी मोडणं यामागे वय असेल, तसंच हेही असेल. या आठ वर्षांत तुमची हाडांच्या घनतेची तपासणी, डेक्सा, झाली होती का? नसेल तर आता कराच.

दुसरं असं की ज्यांना कधीही कर्करोग झालाय त्यांचं हाड अपेक्षेपेक्षा उशिरा जुळत असेल, तर मोडलेल्या जागी कर्करोगाचं काही आधीपासूनच नव्हतं ना, हे एकदा बघायचं असतं. बहुतेकदा काही निघत नाही. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये. तुमचं फ्रॅक्चर पडण्यातून झालंय, सर्जननी एक्स-रे पाहिलेत. पण त्यांना तुमचा जुना आजार माहीत आहे का? अपघाताच्या गडबडीत भरलेल्या फॉर्मवर 'पूर्वीचे आजार: बीपी' एवढंच लिहिलेलं मी असंख्य वेळा पाहिलंय.

आणि तिसरं म्हणजे इंजेक्शनांचं. बीएमपी कर्करोगाच्या रुग्णाला देताना हात आखडता घ्यावा लागतो, का ते वर आलंच आहे. शिवाय तुम्हाला कुणी टेरिपॅराटाइड सुचवण्याची दाट शक्यता आहे. ते ग्रोथ फॅक्टर नव्हे, पॅराथायरॉइड हार्मोनचा तुकडा. रोज २० मायक्रोग्रॅम पोटावर किंवा मांडीवर टोचायचा. ठिसूळ हाडांसाठी ते उत्तम औषध आहे. २०१० मध्ये मनगट मोडलेल्या १०२ स्त्रियांवर चाचणी झाली. २० च्या डोसने साधारण ७.४ आठवड्यांत हाड जुळलं, नुसत्या पाण्याच्या इंजेक्शनने ९.१ आठवड्यांत. पण ४० च्या डोसने जवळपास काहीच फरक पडला नाही, आणि चाचणी मुळात ४० साठी आखली होती. म्हणून ते हाड जुळवण्याचं औषध म्हणून मंजूर नाही, तरी पुष्कळ सर्जन देतात. इतर कुणाला मी कदाचित 'विचार करा' म्हटलं असतं. तुम्हाला नाही. ज्यांच्या हाडांवरून रेडिएशन गेलंय त्यांनी ते टाळायचं असतं, आणि छातीच्या रेडिएशनमध्ये बरगड्या येतातच. रोमोसोझुमॅब हे नवं औषधही हाडाची घनता वाढवतं, पण खुब्याच्या आणि नडगीच्या फ्रॅक्चरच्या चाचण्यांत त्याने जुळणी लवकर झाली नाही.

तुमच्यासाठी जास्त मोलाचं औषध वेगळंच निघेल. ते हे हाड जुळवणार नाही, पुढचं मोडू देणार नाही. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रॉनिक ॲसिड २००७ मध्ये खुबा मोडलेल्यांना देऊन पाहिलं, तेव्हा नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी कमी झाली. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांतही ते सर्रास वापरतात. डेक्सा, किडनी आणि ड जीवनसत्त्व पाहून, दातांची मोठी कामं आधी उरकून, ते द्यायचं की नाही हे तुमचे कर्करोगतज्ज्ञ आणि सर्जन मिळून ठरवतील.

तेव्हा मुलीचा उत्साह इंजेक्शनांच्या अपॉइंटमेंटवरून जुन्या फाईलकडे वळवा. नेट धुंडाळणाऱ्या मुलीला आठ वर्षांपूर्वीचे कागद सापडायला वेळ लागायचा नाही. गोळ्यांचं नाव, रेडिएशनचा कागद, ऑपरेशनची नोंद आणि पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे एका पिशवीत घाला आणि पुढच्या भेटीत सर्जनच्या टेबलावर ठेवा. दोन महिने थांबू नका, याच आठवड्यात वेळ घ्या. खोलीत शिरल्यावर पहिलं वाक्य कंसातलं बोला.